आजोबांनीं लावलेलें झाड

सणाचा दिवस हा घरांतील वडील माणसांचा दिवस असतो. मुलें आनंद करतात, मधल्या पिढीची धांवपळ चालते. परंतु घरचा शिरस्ता काय, पहिला मान कोणाचा, कोणती गोष्ट कशी करावयाची, हें सारें आजी-आजोबांच्या तोंडीं असतें. असें माणूस ऐन सणाच्या दिवसांत गेलें म्हणजे पुढें वर्षानुवर्षें सण आणि दुःख एकाच पावलानें घरांत येतात. इंग्लंडच्या राजघराण्यावर एकोणिसाव्या शतकांत असाच प्रसंग आला. त्या घराण्याच्या वैभवाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या नाताळांची कथा त्या मानानें लहान व घरगुती आहे. पण यूरोपच्या इतिहासांतील एक मोठें दुर्दैव तिच्यांत गुंतलेलें आहे.

महाराणी व्हिक्टोरियाचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजीं जर्मनींतील कोबुर्गचा राजपुत्र आल्बर्ट याच्याशीं झाला. नाताळांत घरामध्यें हिरवें झाड उभें करून त्यावर मेणबत्त्या लावावयाच्या व मिठाई टांगावयाची, ही जर्मन लोकांची चाल. इंग्लंडच्या राजवाड्यास ती अगदींच अपरिचित नव्हती. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट ही जातीनें जर्मन. तिनें १८०० सालीं विंडसर येथें असें झाड उभें केलें होतें. परंतु ही चाल इंग्लंडांत घरोघरीं गेली ती आल्बर्टच्या काळांत. १८४८ च्या डिसेंबरांत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकानें एक चित्र छापलें. त्यांत राणी, तिचा पति आणि त्यांचीं मुलें दिव्यांनीं उजळलेल्या झाडाभोंवतीं उभीं होतीं. सिंहासनावरील राणीपेक्षां मुलाबाळांत रमलेली ही राणी मध्यम वर्गास अधिक जवळची वाटली, आणि तेथपासून तें झाड इंग्रजांच्या घरोघरीं दिसूं लागलें.

हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १४ डिसेंबर १८६१ च्या रात्रीं विंडसरच्या राजवाड्यांत आल्बर्ट मरण पावला. वैद्यांनीं विषमज्वराचें निदान केलें होतें. त्याचें वय अवघें ४२ वर्षांचें. तरीही तो दोन नातवंडांचा आजोबा झालेला होता. थोरली मुलगी प्रशियाच्या राजघराण्यांत दिलेली होती. तिचा मुलगा विल्हेल्म याला तीन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, आणि मुलगी शार्लट दीड वर्षाची होती. आजोबा आठवणींत राहावे असें त्यांचें वयच नव्हतें. अंत्यविधि २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दोन दिवसांवर झाला. राणी त्यापूर्वींच विंडसर सोडून वाइट बेटावरील ऑस्बोर्न या घरीं गेली होती. पुढें आयुष्यभर तिचे बहुतेक नाताळ त्या बेटावरच झाले. जेथें झाडाभोंवतीं आनंद केला, तेथें नाताळांत राहणें तिला नकोसें झालें असावें.

तिनें काळा वेष मरेपर्यंत सोडला नाहीं. आल्बर्टची खोली होती तशी ठेवण्यांत आली. त्याच्यासाठीं रोज ऊन पाणी नेऊन ठेवण्याचा क्रमही चालूं राहिला. घरांतील लहान मुलांना या शोकाचें ओझें वाटलें असल्यास नवल नाहीं. त्यांत १४ डिसेंबर ही तिथि पुन्हां उगवली. १८७८ सालीं त्याच दिवशीं राणीची दुसरी मुलगी अ‍ॅलिस जर्मनींत डार्मस्टाट येथें घटसर्पानें वारली. मुलांची शुश्रूषा करतां करतां तिलाही तोच रोग जडला होता. तिची सर्वांत धाकटी मुलगी महिन्यापूर्वींच गेली होती. मागें पांच पोरकीं मुलें राहिलीं. त्यांतली अ‍ॅलिक्स तेव्हां सहा वर्षांची होती.

येथें राणीचें दुसरें रूप दिसतें. स्वतःच्या दुःखांत बुडालेली ही बाई पोरक्या नातवंडांसाठीं मात्र उभी राहिली. तिनें त्यांना वारंवार इंग्लंडांत बोलावून घेतलें, त्यांच्या शिक्षणावर लक्ष ठेवलें, आणि पत्रांतून उपदेश, काळजी व रागावणें अखंड चालूं ठेवलें. याच अ‍ॅलिक्सचा विवाह १८९४ सालीं रशियाचा झार दुसरा निकोलस याच्याशीं झाला. १८९५ सालीं १४ डिसेंबर रोजींच राणीच्या एका पणतूचा जन्म झाला. अशुभ तिथीला मूल झालें म्हणून घरचे धास्तावले; तेव्हां मुलाचें नांव आल्बर्ट ठेवण्यांत आलें. हाच पुढें सहावा जॉर्ज म्हणून गादीवर आला.

१९०० साल महाराणीस फार कठीण गेलें. दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध चालूं होतें. जुलैअखेर दुसरा मुलगा आल्फ्रेड वारला, ऑक्टोबरांत एक दौहित्र आफ्रिकेंत तापानें गेला, आणि थोरली मुलगी जर्मनींत कर्करोगानें अंथरुणास खिळली होती. त्या वर्षीं ऑस्बोर्न येथें दरबार दालनांत नाताळचें झाड मांडलें गेलें. या दालनाची हिंदी पद्धतीची नक्षी लाहोरकडचा कारागीर भाई रामसिंग याच्या देखरेखीखालीं झालेली होती. झाडावर दिवे होते. परंतु ८१ वर्षांच्या महाराणीची दृष्टि इतकी मंदावली होती कीं, ते तिला धडपणें दिसेनात. त्यांतच १८५४ पासून सेवेंत असलेली तिची सहचरी लेडी चर्चिल नाताळच्या सकाळीं बिछान्यांत मृत आढळली. या धक्क्यानंतर राणी सांवरली नाहीं. लहानपणापासून लिहिलेली रोजनिशी १३ जानेवारी १९०१ रोजीं थांबली.

मृत्युशय्येजवळ मुलें व नातवंडें जमलीं. विल्हेल्म तेव्हां जर्मनीचा बादशहा होता. त्याचा हेकट स्वभाव सर्वांस माहीत असल्यानें मावशांना त्याचें येणें फारसें रुचलें नव्हतें. पण तो आला तो नातू म्हणून. त्याचा डावा हात जन्मापासून अधू. उजवा हात आजीच्या पाठीशीं देऊन तो दोन तासांहून अधिक काळ तसाच बसून राहिला, आणि त्याच हाताच्या आधारानें २२ जानेवारीच्या सायंकाळीं महाराणीनें प्राण सोडला. ४ फेब्रुवारीला ती फ्रॉगमोर येथें आल्बर्टशेजारीं विसांवली.

आजी गेली आणि घराचा मध्यखांब गेला. कलह तिच्या हयातींतही होतेच, आणि राष्ट्रांचीं वैरें एका वृद्धेच्या शब्दानें मिटलीं असतीं असें म्हणणें भोळेपणाचें होईल. पण रागावणारें व ज्याच्यापुढें मान खालीं घालावी असें माणूस आतां उरलें नाहीं, हेंही खरेंच. १९१४ सालीं पौत्र पांचवा जॉर्ज व दौहित्र विल्हेल्म यांचीं राष्ट्रें एकमेकांवर तुटून पडलीं. त्या नाताळांत फ्लँडर्सच्या खंदकांवर कांहीं ठिकाणीं जर्मन शिपायांनीं मेणबत्त्या लावलेलीं लहान झाडें ठेवलीं. समोरच्या इंग्रज शिपायांना तीं पाहून आपलेंच घर आठवलें असेल. दुसऱ्या दिवशीं दोन्हीकडचे लोक मधल्या मैदानांत भेटले, तंबाखू दिली-घेतली, आपापले मृत पुरले. आणि पुन्हां बंदुका सुरू झाल्या.

१७ जुलै १९१७ रोजीं पांचव्या जॉर्जनें आजोबांकडून आलेलें जर्मन कुलनाम टाकून विंडसर हें नांव घेतलें. बरोबर एक वर्षानें, १७ जुलै १९१८ रोजीं, अ‍ॅलिक्स पतीसह व मुलांसह रशियांत गोळ्यांना बळी पडली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत विल्हेल्म गादी सोडून हॉलंडांत पळाला.

आल्बर्टचें कुलनाम गेलें; त्यानें रूढ केलेलें झाड मात्र इंग्लंडांत राहिलें, कारण तोंवर तें सगळ्यांच्या घरचें झालें होतें. वडिलांनीं लावून दिलेली रीत त्यांच्यामागें सहज चालते. त्या रीतीच्या निमित्तानें ते ज्यांना एकत्र बसवीत, त्यांना पुन्हां एकत्र बसविण्याचें काम मात्र मागें राहिलेल्यांपैकीं कोणीतरी अंगावर घ्यावें लागतें. या घराण्यांत तें कोणीं घेतलें नाहीं.