पन्नास डॉलरचे जीवरक्षक

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून उत्तर कॅरोलायनापर्यंत, वाळूचे लांबच लांब दांडे पसरलेले आहेत. वादळांत सांपडलेलीं शिडाचीं जहाजें या दांड्यांवर येऊन रुतत, आणि किनारा डोळ्यांसमोर दिसत असतां माणसें बुडून मरत. कोकणांतील कोळी पावसाळ्यांत होडी ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला पुन्हां समुद्रावर जातो. अटलांटिकचा कोप हिवाळ्यांत होतो आणि त्या काळीं जहाजांची ये-जा कांहीं थांबत नसे.

१८४८ सालीं विल्यम न्यूएल या काँग्रेस-सभासदाच्या खटपटीनें सरकारनें न्यू जर्सीच्या किनाऱ्यासाठीं १०,००० डॉलर मंजूर केले. त्यांतून होड्या, उखळी तोफा व दोर आले. सामान आलें, माणसांचा विचार मात्र कोणी केला नाहीं. जहाज फुटलें कीं गांवकरी धांवून येतील, असें गृहीत धरलें होतें. आणि ते येतही. जानेवारी १८५० मध्यें 'एअरशायर' जहाज रुतलें तेव्हां त्यांनीं तोफेनें दोर फेंकला, त्यावरून झांकणाची धातूची होडी सरकवली आणि २०२ पैकीं २०१ माणसें कांठाला आणलीं. पण हें रोज घडणारें नव्हतें. वर्षानुवर्षें कोणी न पाहिलेलें सामान कुजलें, दोर नाहींसे झाले. एक होडी तर चुना कालविण्याच्या कामीं लागली होती, असें सांगतात! १८५४ सालीं 'पॉव्हॅटन' जहाजावरील दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर प्रत्येक ठाण्यास एक पगारी राखणदार मिळाला. त्याचें वेतन वर्षाला २०० डॉलर. होडी वल्हविणारे मात्र फुकटच राहिले.

१८७१ सालीं खजिना-खात्यांतील सम्नर किंबॉल या अधिकाऱ्यानें काँग्रेसकडून २,००,००० डॉलर मिळविले आणि पगारी वल्हेकऱ्यांच्या टोळ्या नेमल्या. कवायत, रात्रीचा पहारा, दर आठवड्याची तालीम हें सर्व त्याच्या शिस्तीचें फळ होय. तरी काटकसरीची संवय सरकारला सुटली नव्हती. नोकरी हंगामापुरतीच. २४ नोव्हेंबर १८७७ रोजीं 'ह्यूरॉन' ही आरमारी नौका नॅग्स हेडजवळ फुटली. जवळचें ठाणें सुमारें दोन मैलांवर होतें, पण त्याला कुलूप होतें, कारण हंगाम १ डिसेंबरला सुरू व्हायचा होता. ९८ माणसें मेलीं. वांचविलेला पगार किती, हा हिशेब कोणीही करून पाहावा. पुढच्याच जानेवारींत 'मेट्रोपोलिस' बुडालें, आणखी ८५ गेले, आणि वर्तमानपत्रांनीं ओरड केल्यावर जून १८७८ मध्यें नवा कायदा झाला. 'जीवरक्षक दल' हें स्वतंत्र खातें बनलें व किंबॉल त्याचा प्रमुख झाला.

त्यानेंच १८८९ सालीं आपल्या दलाची जी माहिती प्रसिद्ध केली, तींत पगाराचीं कलमें स्पष्ट आहेत. वल्हेकऱ्यास दरमहा ५० डॉलर. अटलांटिक किनाऱ्यावर हंगाम १ सप्टेंबर ते १ मे. म्हणजे वर्षाची कमाई ४०० डॉलर. हंगामाबाहेर बोलावणें आलें तर दर खेपेस ३ डॉलर. राहण्यास ठाण्यांत जागा आणि जळण सरकारचें. दुसरा भत्ता कसलाही नाहीं. अन्नाचा खर्च ज्याचा त्याचा, आणि बायकामुलें गांवीं, म्हणजे एकाच पगारांतून दोन चुली! उरलेल्या चार महिन्यांत मासे धरावेत, कालवें काढावींत, मिळेल ती मजुरी करावी. शहरांतील मंडळी समुद्रस्नानासाठीं किनाऱ्यावर येत तीं नेमकीं याच महिन्यांत. तेव्हां ठाण्यांत एकटा प्रमुख उरलेला असे. त्याला मात्र वर्षभर वेतन मिळे, साधारणतः ७०० डॉलर.

कामावर जखमी झाल्यास एक वर्ष, फार तर दोन वर्षें, पूर्ण पगार मिळे. मृत्यु आल्यास विधवेला व सोळा वर्षांखालील मुलांना दोन वर्षांचा पगार. निवृत्तिवेतन मुळींच नाहीं. १७ मार्च १९०२ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील मोनोमॉय ठाण्याची टोळी 'वाडेना' नांवाच्या गाध्यावरील माणसें आणावयास गेली. होडी उलटली आणि आठांपैकीं सात जीवरक्षक बुडाले. ती बातमी ऐकून दोनच दिवसांनीं पॉइंट ॲलर्टनचा प्रमुख जोशुआ जेम्स यानें आपली टोळी तालमीसाठीं समुद्रांत नेली. तालीम संपवून तो वाळूवर उतरला आणि तेथेंच कोसळून मेला. त्याचें वय ७५ होतें. त्या वयाच्या माणसानें वल्हेकऱ्यांसह लाटांत जावें ही थोरवी खरीच. पण दलाच्या नियमांत म्हाताऱ्या नोकराला विसावा देण्याची सोयच नव्हती, हेंही तितकेंच खरें.

१८९० नंतर पगार थोडेसे वाढले. तरी तरुण मंडळी या नोकरीकडे पाठ फिरवूं लागली. गिरण्या व कारखाने यांहून अधिक देत. किंबॉल निवृत्तिवेतनाची मागणी वर्षानुवर्षें करीत राहिला आणि काँग्रेस ती बाजूस सारीत राहिली. अखेर २८ जानेवारी १९१५ रोजीं जीवरक्षक दल जकातखात्याच्या नौकादलाशीं जोडून 'कोस्ट गार्ड' स्थापन करण्यांत आलें. हे लोक आतां सैनिक गणले गेल्यामुळें तीस वर्षांच्या नोकरीनंतर तीन-चतुर्थांश पगारावर निवृत्त होण्याचा हक्क त्यांना मिळाला. १८७१ पासून तोंवर त्यांच्या हांकेच्या टापूंत संकटांत आलेल्या १,७८,७४१ माणसांपैकीं अवघीं १,४५५ दगावलीं होतीं. किंबॉल त्या वेळीं ८० वर्षांचा होता. तोही त्याच वर्षीं निवृत्त झाला.