बाटलीतल्या पेशी आणि कमल रणदिवे

आजचा भाग मी रायपूरहून, तेलीबांधा तलावाच्या काठावरून बोलतोय. या तलावाचं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर एकेका पेशीचे जीव त्यात आपले आपण जगताना दिसतात. आपल्या शरीरातल्या पेशीचं तसं नाही. तिला बाहेर काढून नुसतं ठेवलं, तर ती मरते. अशा पेशी काचेच्या बाटलीत जगवण्याचं शास्त्र ज्यांनी मुंबईत रुजवलं, त्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी आज बोलू.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यातला, 8 नोव्हेंबर 1917 चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटे. मुलीने वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास निवडला. 1943 साली त्या एम.एस्सी. झाल्या, तो विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. कांकेरची सीताफळं खाणाऱ्या आम्हा रायपूरकरांना याची गंमत वाटते.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करून 1949 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. त्या आजही जगभर वापरल्या जातात.

कमलताई परत आल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, 1960 च्या दशकात, त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर संशोधन प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला केळीची रोपं आठवतात. इथे मामला माणसाच्या आणि उंदराच्या पेशींचा. ऊब 37 अंशांची हवी. खाद्यरस दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. बाटली भरली की पेशी सोडवून नव्या बाटल्यांत वाटून द्यायच्या. बुरशीचा एक कण आत शिरला, तर कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. थोडक्यात, हे तान्ह्या बाळाचं करण्यासारखंच. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळीही कळत नाही.

या कष्टांतून काय मिळालं? स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध त्यांनी उंदरांवर तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. 1973 साली सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली. 1982 साली पद्मभूषण मिळालं. 2001 साली त्या गेल्या.

हा भाग लिहिताना माझी एक चूक माझ्या लक्षात आली. पहिल्या मसुद्यात मी फक्त पदव्या आणि पुरस्कार मांडले होते. बाटल्यांचा उल्लेखही नव्हता. विज्ञानाचा इतिहास आपण असाच सांगतो. शोध कुणाचा ते लिहितो, पण तो शोध लागेपर्यंत पेशी कुणी जगवल्या, ते सोडून देतो. परदेशात शिकून आलेली कमलताईंसारखी व्यक्ती स्वतःपुरतं संशोधन करून थांबू शकली असती. त्यांनी असं ठिकाण उभं केलं, जिथे दुसऱ्यांनाही ते करता यावं. माझ्या मते त्यांच्या पद्मभूषणाआधी हे सांगायला हवं.

तुमच्या ओळखीत कुणी प्रयोगशाळेत काम करत असेल, तर त्यांना एकदा विचारा, सुट्टीच्या दिवशी पेशींकडे कोण बघतं? पुढच्या भागात भेटू.