व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर: गरज आली कोठून?

अंबाजोगाईच्या एका शिक्षकमित्राने विचारले, "घरी वडिलांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांच्यासाठी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घ्यावा म्हणतो. आवाज गोड येतो म्हणतात. घेऊ का?" किंमत त्यांच्या निम्म्या पगाराइतकी! तेव्हा ही वस्तू मुळात का जन्मली, ते आधी पाहू.

१९०४ साली लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तापलेली तार आणि तिच्यासमोर धातूची पट्टी ठेवली. वीज एकाच दिशेने वाहू लागली. म्हणून नाव व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये तारेची जाळी बसवली. जाळीवरचा दाब किंचित बदलला की पट्टीकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. दुबळा संदेश सबळ करण्याची युक्ती ती हीच.

बीड जिल्ह्यात काय, किंवा कोठेही काय, वीज न पोहोचलेल्या गावात व्हॉल्व्हचा रेडिओ चालवायचा तर कोरड्या बॅटऱ्यांचा भार सोसावा लागे: नळीतली तार तापवायला सुमारे दीड व्होल्ट आणि पट्टीसाठी ९० व्होल्ट. बॅटरी उतरली की बातम्या बंद! ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, तोवर खांद्याला अडकवायचा ट्रान्झिस्टर बाजारात आलेलाही होता.

आता प्रीअँप्लिफायर. जुन्या रेडिओग्रामच्या सुईमागे बहुधा स्फटिक असे. सुई हलली की स्फटिकावर ताण पडून साधारण अर्धा व्होल्ट मिळे. रेडिओच्या अँप्लिफायरला तेवढा पुरे. पुढे चुंबकीय पिकअप आले. ते खाचेतले बारकावे अधिक नेमके टिपते, पण देते फक्त पाचएक मिलिव्होल्ट, म्हणजे स्फटिकाच्या शंभरावा भाग. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. नाहीतर खाच फार रुंद होईल आणि वरचे स्वर खरखरीत बुडतील. १९५४ मध्ये त्याचे प्रमाण ठरले. वाजवताना हे उलटे करावे लागते. संदेश वाढवणे आणि हा तोल परत आणणे, ही दोन कामे प्रीअँप्लिफायरची. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्या यंत्रातून सुमारे दोन व्होल्ट मिळतात. तेथे वाढवायला काही उरतच नाही.

मग गोडवा? व्हॉल्व्ह मूळ स्वरात थोडी भर घालतो, ती मुख्यत्वे दुप्पट कंप्रतेची, म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकातली. म्हणून ती कानाला खुपत नाही. पण ती गायकाची नसते, यंत्राची असते. हौस म्हणून घ्यायला हरकत नाही. सुधारणा म्हणून घेऊ नये. आणि विद्यार्थ्यांसमोर झाकण उघडू नये. आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही धारित्रात काही काळ राहतात.

मित्राला मी एवढेच विचारले, "तुमच्या सुईमागे काय आहे?" त्यांनी चष्मा लावून पाहिले. स्फटिक निघाला. प्रीअँप्लिफायर राहिला; नवी सुई मागवली आहे.