वृद्धांची एकात्मिक सेवा

वृद्धांची एकात्मिक सेवा (आयकोप) : वृद्ध व्यक्तीच्या एकेका आजारावर सुटेसुटे उपचार करण्याऐवजी तिला काय करता येते, काय करता येईनासे झाले आहे आणि काय करता यावे असे तिला वाटते, यांवरून घराजवळच आखलेली आरोग्यसेवा. जागतिक आरोग्य संघटनेने तिची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका २०१९ मध्ये प्रसिद्ध केली.

पार्श्वभूमी : उतारवयात आजार सहसा एकटा येत नाही. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि मोतीबिंदू एकाच घरात, एकाच देहात नांदतात. प्रत्येकासाठी डॉक्टर वेगळा, चिठ्ठी वेगळी. सगळ्या गोळ्या एकत्र मांडून त्या एकमेकींना बाधतात का, हे बघणारे बहुधा कोणी नसते. दुसरीकडे तोल जाणे, ऐकू न येणे, जेवण तुटणे या तक्रारी ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून सोडून दिल्या जातात. हे सोडून देणेच पुढे परावलंबनाचे कारण ठरते. वेळीच लक्ष दिल्यास यांतील पुष्कळशी झीज थोपवता किंवा मंदावता येते.

संघटनेच्या २०१५ च्या अहवालाने म्हणून मोजमापच बदलले. व्यक्तीच्या सर्व शारीरिक व मानसिक बळाला त्याने ‘आंतरिक क्षमता’ म्हटले. या क्षमतेला घर, रस्ता, माणसे यांची जोड मिळून प्रत्यक्ष जे करता येते, ती ‘कार्यक्षमता’. गुडघे तेवढेच दुखत असले, तरी न्हाणीघरात धरायला दांडी बसवली की आजी स्वतः आंघोळ करू शकतात. क्षमता तीच राहून कार्यक्षमता वाढते.

कार्यपद्धती : पुस्तिकेत पाच टप्पे आहेत. पहिला टप्पा प्राथमिक चाचणीचा. ती डॉक्टरांशिवाय, घरीही करता येते. स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती अशी सहा अंगे तीत पाहिली जातात. ‘फूल, दार, तांदूळ’ असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, आजची तारीख व ठिकाण विचारतात आणि मग तेच शब्द पुन्हा म्हणायला लावतात. हातांची घडी घालून, हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १४ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पायांतील ताकदीकडे लक्ष द्यावे लागते. गेल्या तीन महिन्यांत नकळत तीन किलोहून अधिक वजन उतरले का, भूक मंदावली का, हेही विचारतात. कानाशी कुजबुजलेले शब्द ऐकू येतात का, ते पाहतात.

एखाद्या अंगात उणीव आढळली, की दुसऱ्या टप्प्यात सखोल तपासणी होते. आजार, चालू औषधे, घरची परिस्थिती आणि एकटेपणा यांचीही नोंद घेतात. तिसऱ्या टप्प्यातील आराखडा या पद्धतीचा गाभा होय, कारण त्याचे उद्दिष्ट वृद्ध व्यक्ती स्वतः ठरवते. ‘एसटीची पायरी एकटीने चढता यावी’ हे आजींचे म्हणणे असेल, तर व्यायाम, आहारातील प्रथिने, चष्मा आणि औषधांची फेरतपासणी त्याच दिशेने योजली जाते. चौथ्या टप्प्यात तज्ज्ञांकडे पाठवणे व पाठपुरावा, तर पाचव्यात समाजाचा सहभाग व घरी काळजी घेणाऱ्यांना आधार. ही काळजी बहुतेक वेळा पत्नी, मुलगी किंवा सून घेते. तिची झोप, पाठदुखी आणि मनावरचा ताण यांची विचारपूस हाही सेवेचाच भाग आहे.

प्रसार : संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचे दशक जाहीर केले, एकात्मिक सेवा त्याच्या चार कार्यक्षेत्रांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठ रुग्णालयाने तिचा मोठा उपक्रम चालवला असून तेथे मोबाइल ॲपवरून ही चाचणी घरीच करता येते.

भारत : २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के आणि केरळात १२.६ टक्के होते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक बाह्यरुग्ण विभाग, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटी आणि जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र कक्ष यांची तरतूद आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय त्यातील एक प्रादेशिक केंद्र होय. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धसेवा व परिहारक सेवा समाविष्ट आहेत. या व्यवस्थेत आशाताई घरोघरी पोहोचतातच. सहा अंगांची चाचणी त्यांच्या भेटीला सहज जोडता येण्याजोगी आहे.

मर्यादा : चाचणी सोपी आहे, पुढची वाट अवघड. ऐकू येत नाही असे आढळले आणि श्रवणयंत्र मिळाले नाही, तर चाचणीने हाती फक्त एक नोंद लागते. शिवाय उद्दिष्ट विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला वेळ लागतो. म्हणून फिजिओथेरपी, चष्मे, श्रवणयंत्रे आणि मनुष्यबळ यांची सोय चाचणीच्या आधी उभी राहणे आवश्यक आहे. तसे झाले, तरच आजींनी सांगितलेली एसटीची पायरी त्यांच्या पायाखाली येते.