रांग भरण्याआधीचा नकार

मंडळी, अमरावती-अकोल्याच्या माणसाला रांग म्हणजे काय हे आम्ही सांगायची गरज नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पुढे ऐन हंगामात खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. गाडीचा काटा व्हायच्या आधी रात्र गाडीखालीच काढावी लागे. ते चित्र मनाशी ठेवा. आज आपल्याला इंटरनेटमधल्या रांगेचा इतिहास पाहायचा आहे.

राउटर म्हणजे बडनेऱ्यासारखं जंक्शन. माहितीची पॅकेटं इथं येतात आणि पुढच्या वाटेला लागतात. वाट मोकळी नसेल तर ती बफरमध्ये, म्हणजे रांगेत, थांबतात. बफर भरला की नंतर आलेलं पॅकेट टाकून दिलं जातं. पोच आली नाही म्हणून पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. सगळेच असं करू लागले तर? ऑक्टोबर १९८६ मध्ये तेच झालं. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांत अंतर जेमतेम ४०० यार्ड. पण त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात उपाय मांडला: पॅकेट हरवलं तर वाटेत गर्दी आहे असं समजा, वेग एकदम कमी करा, मग हळूहळू वाढवा. हरवणं हाच निरोप झाला. पण राउटर मात्र रांग पूर्ण भरेपर्यंत गप्प राही. मग अनेकांची पॅकेटं एकदम पडत, सगळे एकदम मंदावत, वाट रिकामी राही, आणि पुन्हा सगळे एकदम धावत.

१९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी ‘रँडम अर्ली डिटेक्शन’ ही रीत दिली. रांगेच्या सरासरी लांबीवर दोन खुणा करायच्या. खालच्या खुणेपर्यंत काहीच टाकायचं नाही. दोन खुणांच्या मध्ये रांग वाढेल तशी टाकण्याची शक्यता वाढवायची. वरची खूण ओलांडली की येणारं प्रत्येक टाकायचं. निवड चिठ्ठी काढल्यासारखी असते, त्यामुळे ज्याची पॅकेटं जास्त त्याला फटकाही जास्त. पुढे याला वजनं जोडली गेली: कमी महत्त्वाच्या वर्गाच्या खुणा खाली, म्हणजे गर्दीत पहिला नकार त्यालाच. आता बघा, कमी महत्त्वाचं कोण हे राउटर ठरवत नाही. आकडे भरणारा माणूस ठरवतो. इथं यंत्रशास्त्र संपतं आणि नीतिशास्त्र सुरू होतं.

लवकर दिलेला नकार राउटरला शोभतो, कारण पॅकेटची प्रत पाठवणाऱ्याजवळ शिल्लक असते. केंद्राच्या फाटकावरून परतलेल्या गाडीची दुसरी प्रत नसते. परतीचं भाडं आणि व्यापाऱ्याचा पडेल भाव शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. त्याला नकार द्यायचाच तर तो गाडी जुंपण्याआधी, घरीच कळायला हवा. रांगेचा नियम करणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: नकार मिळालेल्याला पुन्हा येणं परवडेल का?