बारा जणांचा वर्ग

धर्माचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या सभांचें वर्णन करतात. अमुक प्रवचनास इतके सहस्र लोक जमले, अमुक ठिकाणीं श्रोत्यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले, हें सांगणें सोपें असतें आणि ऐकणारासहि तें रुचतें. परंतु सभा संपली, लोक घरोघर गेले, दुसऱ्या दिवशीं कामाची वेळ झाली, शेजाऱ्याशीं वाद निघाला, खिशांत चार पैसे आले आणि वाटेवर दारूचा गुत्ता दिसला, म्हणजे त्या अश्रूंचें काय होतें? अठराव्या शतकांत इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकानें हा प्रश्न स्वतःला विचारला; आणि त्याचें उत्तर त्याला कोणत्याहि धर्मग्रंथांत नव्हे, तर एका कर्जाच्या हिशेबांत सांपडलें. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

लहान मंडळीची कल्पना ख्रिस्ती धर्मास नवी नव्हती. येशूनें स्वतः बारा शिष्य निवडले आणि त्यांना आपल्याबरोबर वागवून शिकविलें. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना मंदिरें नव्हतीं. ते एकमेकांच्या घरीं जमत. प्रिस्का व अक्विला या दांपत्याच्या घरीं भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख पौलाच्या पत्रांत आलेला आहे. पुढें धर्माला राजाश्रय मिळाला, भव्य मंदिरें उठलीं, आणि सामान्य माणसाचें काम येऊन बसणें व ऐकून जाणें एवढेंच उरलें. ही उणीव ज्यांना जाणवली त्यांत जर्मनींतील फिलिप याकोब श्पेनर हा एक होय. या पाळकानें १६७० सालीं फ्रँकफुर्ट शहरीं आपल्या घरींच लहान बैठकी सुरू केल्या. त्यानंतर सॅक्सनींत काउंट झिंझेंडॉर्फ याच्या जहागिरींत, हेर्नहूट या गांवीं, मोराव्हियांतून आश्रयास आलेल्या लोकांनीं १७२७ पासून थोड्याथोड्या जणांचे गट करून परस्परांपुढें मन मोकळें करण्याचा परिपाठ ठेविला.

ज्या उपदेशकाचा आरंभीं उल्लेख केला तो जॉन वेस्ले. त्याचा जन्म १७०३ सालीं लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ येथें झाला. त्याचा बाप तेथील चर्चचा पाळक होता. पण लहान मंडळीचा पहिला धडा जॉनला मिळाला तो आईकडून. १७१२ सालच्या आरंभीं बाप चर्चच्या परिषदेसाठीं लंडनला गेला असतां सुझना वेस्ले ही रविवारीं सायंकाळीं आपल्या मुलांना व गड्यांना स्वयंपाकघरांत बसवून प्रवचन वाचून दाखवी. गड्यांचे आईबाप येऊं लागले, मग शेजारी आले, आणि पाहतां पाहतां दोनशें माणसें जमूं लागलीं. बदली पाळकाला हें खपलें नाहीं. त्यानें लंडनला तक्रार केली. नवऱ्याचें नापसंतीचें पत्र आलें तेव्हां सुझनानें उत्तर दिलें तें मोठें मार्मिक आहे. तिचा आशय असा कीं, बंद करावयाचें तर तशी स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे ईश्वरापुढें उभें राहण्याची वेळ येईल तेव्हां त्याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाहीं. त्या वेळीं जॉन आठ वर्षांचा होता.

पुढें ऑक्सफर्डला १७२९ सालापासून जॉन, त्याचा भाऊ चार्ल्स आणि कांहीं मित्र नेमानें एकत्र बसून धर्मग्रंथ वाचीत, उपास करीत, आणि पुढल्या वर्षापासून तुरुंगांतील कैद्यांची विचारपूस करण्यास जात. त्यांच्या काटेकोर वागणुकीमुळें इतर विद्यार्थ्यांनीं थट्टेनें त्यांना ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असें नांव ठेविलें. थट्टेचें तें नांवच पुढें पंथाचें नांव झालें. १७३५ सालीं जॉन अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत धर्मप्रसारास गेला. वाटेंत समुद्रावर भयंकर वादळ झालें; इंग्रज उतारू ओरडूं लागले, पण त्याच जहाजावरील मोराव्हियन मंडळी शांतपणें स्तोत्रें गात राहिली. तें दृश्य वेस्लेच्या मनांतून गेलें नाहीं. जॉर्जियांत त्याला अपयश आलें. तो खिन्न होऊन परतला, आणि २४ मे १७३८ च्या रात्रीं लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा बैठकींत, कोणी एक जण लूथरची प्रस्तावना वाचीत असतां, त्याला श्रद्धेचा साक्षात्कार झाला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हा क्षण त्याला मोठ्या देवालयांत लाभला नाहीं.

पुढील वर्षीं त्याच्या कार्याला वेगळेंच वळण लागलें. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड हा ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथें कोळशाच्या खाणींतील मजुरांना उघड्या माळावर उपदेश करूं लागला होता. कोळशानें काळवंडलेल्या त्यांच्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ वाहत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच्या आग्रहावरून २ एप्रिल १७३९ रोजीं वेस्लेनेंहि ब्रिस्टल येथें उघड्यावर पहिलें प्रवचन केलें. सुमारें तीन हजार लोक जमले होते. त्यानंतर जागोजाग हजारोंचे समुदाय जमूं लागले. वक्तृत्वांत व्हाइटफील्ड वेस्लेपेक्षां सरस होता, असेंच बहुतेकांचें मत आहे. परंतु जमलेल्या लोकांचें पुढें काय करावयाचें, ही चिंता वेस्लेला अधिक लागलेली होती.

ब्रिस्टल येथें त्याच्या अनुयायांनीं ‘न्यू रूम’ नांवाचें सभागृह बांधलें, आणि त्यापायीं कर्ज झालें. तें कसें फेडावें याचा विचार करण्यासाठीं १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं मंडळी बसली. त्यांत कॅप्टन फॉय नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं सुचविलें कीं, प्रत्येकानें दर आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी म्हणालें, आपल्यांतील कित्येकांना पेनीहि जड आहे. हें बोलणें उगाच नव्हतें. बारा पेनींचा एक शिलिंग, आणि त्या काळीं शेतमजुराला दिवसाकांठीं मिळे तो शिलिंगाच्या आसपास. त्यावर फॉय म्हणाले कीं, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन, ते देतील तें घेईन, आणि जें कमी पडेल तें माझ्या पदरचें भरीन. इतरांनींहि तसेंच पत्करलें. अशा रीतीनें अकरा जण आणि एक पुढारी मिळून बारांचा वर्ग ठरला.

पेनी मागण्यास हे पुढारी घरोघर जाऊं लागले, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें तें घडलें. एकानें येऊन सांगितलें कीं, अमका बायकोशीं भांडतो. दुसरा म्हणाला, तमका पुन्हां पिऊं लागला आहे. सभेंत जें कधीं दिसलें नसतें तें उंबरठ्यावर दिसलें. वेस्लेच्या एकदम लक्षांत आलें कीं, आपण इतके दिवस शोधीत होतों तें हेंच. दोन महिन्यांच्या आंत लंडनलाहि असे वर्ग पडले.

आरंभीं पुढारी प्रत्येकाला घरीं गांठीत असे. पण त्यांत अडचणी फार. एक तर वेळ मोडे. दुसरें, पुष्कळ जण परक्याच्या घरीं चाकरीस असत, आणि मालकाला पुढाऱ्याचें येणेंजाणें आवडत नसे. तिसरें, दोघांमध्यें गैरसमज झाला तर दोघांना समोरासमोर बसविल्यावांचून तो मिटत नसे. म्हणून सर्वांनीं आठवड्यांतून एकदां एके ठिकाणीं जमावें असें ठरलें. स्तोत्र आणि प्रार्थना झाली म्हणजे पुढारी प्रत्येकाला विचारी : या आठवड्यांत तुझें कसें चाललें आहे? कोणीं हार खाल्ली असेल तर तो सांगे, कोणाला यश आलें असेल तर तोहि सांगे. कोणाला धीर, कोणाला कानउघाडणी, कोणाला सल्ला मिळे. व्याख्यान नसे. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकरी एकटा न चालतां आपल्या दिंडींत चालतो. त्या दिंडीचें बळ ज्यानें पाहिलें आहे त्याला या वर्गाचें मर्म समजण्यास वेळ लागणार नाहीं.

वर्गांत येण्यास अट एकच होती : पापापासून सुटण्याची इच्छा. परंतु आंत आल्यावर ती इच्छा आचरणांत दिसली पाहिजे, असा दंडक १७४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं घातला. कोणाचें वाईट करूं नये, होईल तितकें चांगलें करावें आणि उपासना चुकवूं नये, असे त्याचे तीन भाग होते. चोरटा, म्हणजे जकात चुकविलेला, माल घेऊं नये, असेंहि त्यांत स्पष्ट होतें. दर तीन महिन्यांनीं सभासदाला तिकीट मिळे. वागणूक बिघडली तर तें मिळत नसे. त्याच वर्षीं न्यूकॅसल येथें वेस्लेनें चौसष्ट जणांना काढून टाकलें आणि त्याचीं कारणें आपल्या रोजनिशींत नोंदलीं. दारूबाजीसाठीं सतरा, भांडणासाठीं तीन, नेहमीं खोटें बोलण्यासाठीं तीन, बायकोला मारण्यासाठीं एक. आणि सर्वांत मोठा आंकडा, एकोणतीस, तो कोणत्याहि मोठ्या पापासाठीं नव्हे, तर केवळ बेफिकिरीसाठीं!

ही शिस्त सर्वांना मानवली असें नाहीं. दुसऱ्यापुढें आपलें अंतःकरण उघडें करावयाचें म्हणजे हेरगिरीला वाव देणें होय, अशी टीका तेव्हांहि झाली, आणि ती सर्वस्वीं निराधार म्हणतां येणार नाहीं. जेथें पुढारी शहाणा व प्रेमळ असेल तेथें वर्ग माणसाला सांवरून धरी. जेथें तो अहंकारी असेल तेथें तोच वर्ग जाच होई. सगळा भार पुढाऱ्याच्या स्वभावावर होता.

आणि हे पुढारी कोण होते, हें पाहिलें म्हणजे या प्रयोगाचें खरें महत्त्व कळतें. ते विणकर, चांभार, खाणींतील मजूर, दुकानदार असे साधे लोक होते. आणि त्यांत स्त्रियाहि पुष्कळ होत्या. सारा क्रॉस्बी ही अशीच एक वर्ग चालविणारी बाई. १७६१ सालीं डर्बी येथें तीसएक माणसें येतील या अपेक्षेनें ती गेली, तों समोर दोनशें माणसें! प्रत्येकाला पृथक् विचारणें अशक्य झालें, म्हणून ती सर्वांना उद्देशून बोलली, आणि आपण स्त्री असून मर्यादा तर ओलांडली नाहीं ना, या शंकेनें तिनें वेस्लेला पत्र लिहिलें. तूं मर्यादा सोडलेली नाहींस, असें त्यानें कळविलें. स्वयंपाकघरांत दोनशें माणसांपुढें प्रवचन वाचणाऱ्या मातेची त्याला या वेळीं आठवण झाली असल्यास नवल नाहीं.

वर्गांवांचून काय होतें, याचाहि अनुभव वेस्लेनें घेतला. १७६३ सालीं वेल्समधील पेंब्रोकशायर परगण्यांत तो गेला. तेथें वीस वर्षें उपदेश चालूं होता, परंतु नियमित मंडळ्या व शिस्त नव्हती. परिणामीं जागे झालेल्या दहांपैकीं नऊ पुन्हां पूर्वीहून गाढ झोंपीं गेले होते. जागविलेल्यांना एकत्र बांधण्याची तयारी नसेल तेथें उपदेशाला जाऊंच नये, असें त्याचें मत या अनुभवानें दृढ झालें. २ मार्च १७९१ रोजीं तो वारला, तेव्हां ब्रिटन व आयर्लंडमध्यें त्याच्या मंडळ्यांचे सुमारें ७२ हजार सभासद होते, आणि त्यांतील प्रत्येकाचें नांव कोणत्या तरी वर्गाच्या यादींत होतें.

या वर्गांनीं धर्माबाहेरहि फळ दिलें. ज्या माणसाला जन्मांत कोणीं त्याचें मत विचारलें नव्हतें, त्याला दर आठवड्यास चार लोकांत बोलण्याची, हिशेब ठेवण्याची, आणि दुसऱ्याची जबाबदारी वाहण्याची संवय लागली. १८१८–१९ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमधील राजकीय सुधारणावाद्यांनीं हीच बारा जणांची व आठवड्याच्या पेनीची पद्धत उचलली. पुढें चार्टिस्ट चळवळीनेंहि तिचा उपयोग केला. १८३४ सालीं मजूरसंघ काढल्यावरून टॉलपडल येथील सहा शेतमजुरांना सात वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हां त्या सहांपैकीं पांच मेथॉडिस्ट होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट उपदेशक होता. लोकांच्या निषेधामुळें दोन वर्षांनीं त्यांना माफी द्यावी लागली.

आपल्या मुंबईपर्यंतहि हा धागा येऊन पोंचला. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक मुंबईस आला. त्यानें लोकांच्या घरींच सभा भरविल्या आणि श्रद्धा ठेवणाऱ्यांच्या घरोघर लहान मंडळ्या केल्या. त्यांतूनच येथील मेथॉडिस्ट चर्च उभें राहिलें. १८४८ पासून मुंबईंत राहून, मराठी शिकून, रस्त्यारस्त्यांत उपदेश करणारा जॉर्ज बोवेन हा त्याला येऊन मिळाला, आणि १८८८ सालीं मरेपर्यंत त्यानें मुंबई सोडली नाहीं.

खुद्द इंग्लंडमध्यें मात्र एकोणिसाव्या शतकांत वर्ग हळूहळू निस्तेज झाले. मंदिरें मोठीं झालीं, सभासद सुखवस्तु झाले, पुढारी प्रश्न विचारण्याऐवजीं उपदेश करूं लागले, आणि उत्तरें ठराविक होऊं लागलीं. पेनी राहिली, तिकीट राहिलें. ‘तुझें कसें चाललें आहे?’ हा प्रश्न मनापासून विचारणारा मनुष्य तेवढा नाहींसा झाला. तरी ती कल्पना मेली नाहीं. कोरियांत सेऊल शहरीं १९६४ सालीं अतिश्रमानें खचलेल्या चो योंग-गी या पाळकानें आपली मंडळी घरगुती गटांत वांटून तीं बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं सोंपविली, आणि पुढें त्याचें चर्च जगांतील अतिशय मोठ्या चर्चांपैकीं एक झालें.

वाचनालय असो, भजनी मंडळ असो, कीं एखादी समाजसेवेची संस्था असो, उद्‌घाटनाच्या दिवशीं तिला माणसांची वाण पडत नाहीं. सहा महिन्यांनीं कोण येत नाहीं आणि कां येत नाहीं, हें जाणून घेण्यास त्याच्या दारापर्यंत कोण जातो, यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें. ब्रिस्टलच्या त्या सभेंत कॅप्टन फॉय यांनीं सर्वांत गरीब अकरा जण स्वतःकडे मागून घेतले नसते, तर तें कर्ज कदाचित् दुसऱ्या रीतीनें फिटलेंहि असतें. पण वर्ग मात्र निघाला नसता.