मेंढ्यांतील टॉक्सोप्लाझ्मा गर्भपात

टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय या एकपेशीय परजीवीमुळे मेंढ्या गाभडतात. त्याचा मूळ आश्रय मांजर; मांजराच्या विष्ठेने दूषित चारा, ढेप किंवा पाण्यातून तो मेंढीच्या पोटात जातो. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. सुरुवातीला लागण झाल्यास गर्भ आतच जिरतो आणि मेंढी भाकड वाटते. मधल्या काळात तो मरून सुकतो वा पडतो. शेवटी झाल्यास कोकरू बहुधा धडधाकट जन्मते, जरी त्याला लागण झालेली असते. वारेच्या लालसर गाठींवरचे बारीक पांढरे ठिपके ही ठळक खूण; तरी गर्भपात घडवणारा ब्रुसेला जिवाणू वगळण्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी हवीच. अमरावती-अकोल्याकडे शेतोशेती कळप बसवणाऱ्या धनगर कुटुंबांनी पडलेला गर्भ नि वार उघड्या हातांनी उचलू नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. हा रोग माणसालाही होतो. एकदा गाभडलेली मेंढी सहसा पुन्हा या रोगाने गाभडत नाही, म्हणून ती घाईने विकू नये.